फुलीच्या जागी

बँकेच्या कर्जाच्या कागदांवर पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या असतात. बारीक, तिरक्या, हलक्या हाताच्या. सही कुठं करायची ते कळावं म्हणून. साहेब पानं उलटत जातात, आपण फुली शोधत जातो, आणि पानं संपली की कुणीतरी चहा मागवतं. आमच्या घरच्यांनी दादाच्या दोन कर्जांसाठी अशा किती फुल्यांवर सह्या केल्या, हे मी सगळं संपल्यावर एका दुपारी फाईल घेऊन मोजलं. आई, दादा आणि आमचे हे, तिघांच्या मिळून ४३.

माझी सही त्यात एकही नाही. माझी होती ती आधीच्या एका कागदावर. तिच्याकडं येतेच.

आम्ही इचलकरंजीचे. पंचगंगेकडं उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं. खाली आठ साधे माग आणि वर आम्ही. रात्रपाळीला माग चालू असले की आम्हा भावंडांना गाढ झोप लागायची, आणि वीज गेली की सगळं घर दचकून जागं व्हायचं. वडील मजुरीवर माग चालवायचे. व्यापारी उभ्या सुताचा बीम द्यायचा, कापड विणून परत करायचं, पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, दरानं मजुरी घ्यायची. सूत त्याचं, भाव त्याचा, बुडाला तर तोही त्याचाच. वडिलांनी आयुष्यात कर्ज घेतलं ते दोनदा, आणि दोन्ही वेळा फेडून पावती देवघरात ठेवली.

२००८ साली वडील गेले. मृत्युपत्र नव्हतं. कायद्यानं घराचे तीन सारखे वाटे झाले, आईचा, दादाचा आणि माझा. पुढच्या वर्षी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन मी माझा वाटा दादाच्या नावे हक्कसोडपत्रानं सोडला. कुणी बळजबरी केली नाही. आमच्याकडं बहिणी सोडतातच. त्या दिवशी वहिनीनं पुरणपोळी केली होती आणि मला पैठणी नेसवली होती. संध्याकाळी मी सांगलीला परतले. एका घराचा तिसरा हिस्सा देऊन एक साडी घेऊन आले, असा हिशेब तेव्हा मनाला शिवला नाही. आता कधी कधी शिवतो, आणि शिवला की माझीच मला लाज वाटते. पण शिवतो हे खरं.

तर मजुरीचा कंटाळा दादाला आला. त्याला स्वतःचं सूत घ्यायचं होतं, स्वतःचं कापड विकायचं होतं. २०१४ मध्ये त्यानं एका सहकारी बँकेतून २२ लाख काढले आणि जुने माग मोडून वापरलेले रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचे वेगवान माग, आणले. तारण घर. घरात आईचा वाटा होता, त्यामुळं आईची सही लागली, सहमालक म्हणूनही आणि सहकर्जदार म्हणूनही.

आई प्रौढ साक्षरतेच्या वर्गात सही शिकलेली. तिची सही म्हणजे सही नव्हे, तो एक छोटा समारंभ. पदर खोचायचा, पेन दोन बोटांत घट्ट धरायचं, श्वास रोखायचा, एकेक अक्षर काढायचं आणि शेवटची शिरोरेघ ओढून झाली की श्वास सोडायचा. त्या दिवशी बँकेतले साहेब म्हणाले, "आजी अंगठा नाही देत, वा!" आईनं तो किस्सा महिनाभर सगळ्यांना सांगितला. कशावर सही केली हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी खेळत्या भांडवलासाठी एका पतसंस्थेतून ५ लाख घेतले. त्याला दोन जामीनदार हवे होते. एक दादाचा मित्र झाला, दुसरे आमचे हे. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पतसंस्थांना शिक्षक जामीनदार फार आवडतो, कारण त्याचा पगार कुठं पळून जात नाही. दादा स्वतः सांगलीला आला होता कागद घेऊन. "दाजी, फक्त सही हो," म्हणाला. ह्यांनी चष्माही लावला नाही. मी स्वयंपाकघरातून बघत होते. माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, पुस्तकाच्या पुठ्ठ्यापासून किंमतीपर्यंत सगळं वाचून नोंदवायची सवय, आणि त्या दिवशी मी कढीला फोडणी देत होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते प्रत्येक पेठेत तसंच झालं. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी, २०१७ च्या जुलैत जीएसटी, मधे सुताचे भाव वरखाली. बाहेरच्या एका व्यापाऱ्यानं ९ लाखांचं कापड उचललं आणि हात वर केले. त्याचं दिवाळं दादाच्या दारात आलं आणि दादाचं आमच्या. २०१८ मध्ये हप्ते थांबले. ९० दिवस हप्ता आला नाही की खातं थकीत ठरतं, आणि मग व्याज, दंडव्याज, नोटिसांचा खर्च असं सगळं त्याच खात्यात साचत जातं. २२ लाखांतले काही फेडूनही २०१९ च्या सुरुवातीला बँकेचं येणं ३० लाखांवर गेलं होतं.

दिवाळं हा शब्द आमच्याकडं शिवीसारखा वापरतात. जुन्या काळी पेढी बुडाली की सावकार दुकानात भरदिवसा दिवा लावून बसायचा, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. उजेडात दिवा लावायचा, म्हणजे येणाऱ्याला न विचारता कळावं. कायद्याच्या मराठीत मात्र दुसरा शब्द आहे, नादारी. तो वाचला तेव्हा मला शाळा आठवली. आमच्या शाळेत गरीब मुलांच्या फीमाफीला नादारी म्हणायचे. वर्गात सर विचारायचे, "नादारीचे अर्ज कुणाकुणाचे?" आणि पाच-सहा हात खालच्या मानेनं वर जायचे. वडिलांनी माझा अर्ज कधी करू दिला नाही. ऐपत नव्हती तेव्हाही नाही. आणि आता त्यांचा ५१ वर्षांचा मुलगा नादारीचा अर्ज कुठं करायचा हे विचारायला कोल्हापूरला वकिलाकडं निघाला होता. सोबत मी गेले.

दादाच्या डोक्यात एक साधं गणित होतं. कोर्टात जाऊन सांगायचं की माझ्याकडं काही नाही, कोर्ट दिवाळखोर म्हणून शिक्का मारेल, बदनामी होईल ती होईल, पण कर्ज मिटेल. आई सुटेल, दाजी सुटतील. सगळा अपमान एकट्यानं घ्यायचा आणि बाकीच्यांना मोकळं करायचं. मला ते ऐकून भरून आलं होतं. वकील वयस्कर होते. त्यांनी दादाचं पूर्ण बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही सुटाल हो. तेच अडकतील."

ते दोन तास मी वहीत उतरवून घेतले. ग्रंथालयाची सवय.

आपल्याकडं साध्या माणसाच्या नादारीसाठी अजून इंग्रजांच्या वेळचे कायदे चालतात. मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी १९०९ चा, आणि बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे इचलकरंजीच्या मागवाल्यासाठीही, १९२० चा. २०१६ मध्ये नवी नादारी व दिवाळखोरी संहिता आली, पेपरात तिचा गाजावाजा झाला, पण त्यातला व्यक्तींचा भाग सामान्य माणसाला लागूच झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. दादाची कंपनी नव्हती, साधी मालकीची फर्म होती. तेव्हा १९२० चा कायदा. त्यात अर्ज करायला किमान कर्ज किती असावं? ५०० रुपये. वकिलांनी आकडा सांगितला आणि दादा त्या दिवसात पहिल्यांदा हसला. आणखी एक कलम त्यांनी वाचून दाखवलं. नादार ठरलेल्या, अजून मुक्तता न मिळालेल्या माणसानं ही गोष्ट न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तर तो गुन्हा आहे. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणि पाव मांडून ठेवायला सांगतानाही आधी "मी नादार आहे बरं का" म्हणायला हवं. सकाळी सहाला, दूध घ्यायला आलेल्या निम्म्या गल्लीसमोर.

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. कोर्टानं मुक्ततेचा आदेश दिला तरी तो त्या एकाच माणसाला लागू असतो. त्याच्याबरोबर ज्यांनी संयुक्त करार केला, जे भागीदार होते, जे जामीन राहिले, त्यातलं कुणीही त्या आदेशानं सुटत नाही. कलम ४४ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. तेवढीच, कमी नाही, आणि नंतरचीही नाही. आमच्या ह्यांची समजूत अशी होती की आधी दादाकडं वसुली, त्याच्याकडं काहीच मिळालं नाही तर मग जामीनदार. निम्म्या महाराष्ट्राची तीच समजूत असेल. सुप्रीम कोर्टानं पन्नासेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय की घेणेकऱ्याला आधी कर्जदाराच्या मागं धावायला लावलं तर जामीन घेण्यात अर्थच काय राहिला. वसुली कुठून सुरू करायची ते त्यानं ठरवायचं.

"आणि हे कागदावर असतं हो," वकील म्हणाले. "संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार. चार शब्द. तुम्ही संयुक्तपणे वाचता, बँक स्वतंत्रपणे वाचते."

मग घर. नादारीत माणसाची मालमत्ता कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडं जाते, पण फक्त त्याची स्वतःची. सहमालकाचा वाटा जात नाही. तारण नसतं तर दादाच्या नादारीत आईचा तिसरा हिस्सा आईचाच राहिला असता. पण घर बँकेकडं गहाण होतं आणि गहाणदार घेणेकरी नादारीच्या रांगेत उभाच राहत नाही. त्याचा रस्ता वेगळा, त्याचं तारण त्याच्या हातात. वकिलांनी एका पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले, ते पाकीट अजून माझ्या वहीत आहे. घर ४८ लाखांचं धरा. बँकेचे ३० गेले. उरले १८. त्यातला आईचा तिसरा हिस्सा ६, दादाचे १२, आणि ते १२ दादाच्या बाकीच्या घेणेकऱ्यांचे, सूतवाल्यांचे, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्याचे. तारण नसतं तर आईच्या वाट्याला १६ आले असते. म्हणजे आईचे १० लाख मुलाच्या कर्जात गेले. आता ज्यानं दुसऱ्याचं कर्ज भरलं त्याला ते परत मागायचा हक्क असतो. तेव्हा आईनं काय करायचं? वकिलांनी पेन खाली ठेवलं. "आईंनी तुमच्या नादारीत दावा लावायचा. बाकीच्या घेणेकऱ्यांबरोबर. रुपयाला जे काही पैसे मिळतील ते घ्यायचे."

परतीच्या एसटीत दादा हातकणंगल्यापर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई रांगेत." एवढंच.

मी माझ्या वाट्याचा विचार करत होते. तो मी सोडला नसता तर बँकेला माझीही सही लागली असती. मी केली असती का? केलीच असती. "फक्त सही" म्हणाला असता की.

गावात सल्ले फुकट मिळतात. एकानं सुचवलं, घर वहिनीच्या नावावर बक्षीसपत्र करून टाक. गहाण घराचं बक्षीसपत्र करून बँकेचा बोजा जात नाही ही एक गोष्ट, आणि तारण नसतं तरी, नादारीचा अर्ज दोन वर्षांच्या आत आला तर असं फुकटचं हस्तांतर रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. दुसऱ्यानं सांगितलं, राहतं घर कुणी काढून घेऊ शकत नाही. हा समज कुठून आला ते मी शोधलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीनं बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं. नादारीतही हेच सोडतात. ती यादी वाचताना मला एक संसार दिसला. एक पातेलं, एक वाकळ, एक मंगळसूत्र. घरांचाही उल्लेख आहे, पण शेतकरी, मजूर आणि घरगडी यांच्या राहत्या घरांचा. मी हे वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग आम्ही मजूरच की, वन्सं. जन्मभर मजुरीवर माग चालले." यावर मला उत्तर सुचलं नाही. कायद्याचं उत्तर होतं, गहाण टाकलेल्याला हे संरक्षण नाही. पण तिनं ते विचारलं नव्हतं.

सांगलीतला माझा मावसभाऊ सध्या टेक्सासला मुलाकडं असतो. फोनवर तो म्हणाला, इथं साध्या घेणेकऱ्याला राहत्या घराला हात लावता येत नाही, शहरात १० एकरांपर्यंत जागा असली तरी नाही, घर कितीही किमतीचं असो. मी विचारलं, आणि घरावरच कर्ज असलं तर? "मग लावतात की," तो म्हणाला. "आणि जामीनदार?" तिथंही एकाला दिवाळखोरीतून माफी मिळाली तरी बरोबर सही करणारा तसाच राहतो. हप्त्यानं फेड करायची एक तऱ्हा आहे त्यांच्यात, कायद्याचं तेरावं प्रकरण म्हणतात, तीत घरखर्चाच्या कर्जाला सही देणाऱ्यालाही फेड चालू असेपर्यंत थोडा श्वास मिळतो. धंद्याच्या कर्जाला तोही नाही. एवढी मोठी अमेरिका, पण फुलीच्या जागी तिथंही तेच. मला वाईट वाटायला हवं होतं, उलट जरा बरं वाटलं.

बँकेची ६० दिवसांची नोटीस आली आणि ते दिवस संपले. मग ताबा नोटीस. ती दाराला चिकटवायची असते आणि दोन वर्तमानपत्रांत छापायची असते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. छापील जाहिरातीत आईचं नाव दादाच्या नावाखाली होतं. सहकर्जदार. चिकटवायला आलेला पोरगा विशीतला होता. त्याच्याकडच्या डिंकाची बाटली वाळली होती. तो दारात उभा राहून बाटली दाबतोय आणि काही निघत नाही. आईनं ते बघितलं, आत गेली, वाटीत कणीक कालवून गॅसवर खळ शिजवली आणि गरम वाटी फडक्यात धरून त्याच्यापुढं केली. "नीट लाव बाबा. वाऱ्यानं उडून शेजाऱ्यांच्या दारात नको जायला." पोरानं चारी कोपऱ्यांना खळ लावली, मोबाइलवर फोटो काढला. मग त्याला कळेना की वाटी कुणाच्या हातात द्यायची. दादा वरून जिन्यातून बघत होता. आयुष्यभर खळ दिलेलं सूत विणणाऱ्या घरात ती नोटीस शेवटपर्यंत सुटली नाही. घर सोडताना वहिनीनं पाणी मारून मारून खरवडून काढली.

वकिलांनी एक वाट दाखवली होती. ज्या कायद्याखाली या नोटिसा आल्या तो जलद जप्तीचा कायदा सहकारी बँकांना वापरता येतो का, हा प्रश्नच तेव्हा सुप्रीम कोर्टात पडून होता, आणि तोही आमच्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात. "त्यावर बोट ठेवून वर्ष-दीड वर्षं काढता येईल," ते म्हणाले. दादानं नको म्हटलं. मला तेव्हा राग आला होता, लढायचं तरी. पुढं ५ मे २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, पाच न्यायाधीशांच्या पीठानं निकाल दिला की वापरता येतो. आम्ही थांबलो असतो तर तोवर व्याजानं आईचे सहा लाखही खाल्ले असते. दादाला हे कळत होतं असं नाही. तो फक्त थकला होता.

लिलावाची जाहिरात निघण्याआधी सगळी बाकी भरून तारण सोडवता येतं. निघाली की तो हक्क जातो आणि घर लिलावाच्या भावानं जातं. म्हणून घाई. शेजारच्या सायझिंगवाल्यानं ४६ लाखांना घेतलं. बँकेशी एकरकमी तडजोड २७ लाखांत झाली. राहिले १९. आईच्या वाट्याचे ६ ह्यांनी हट्टानं तिच्या नावे मुदतठेवीत टाकायला लावले. बाकीचे १३ दादानं टेबलावर मांडले आणि आम्ही रात्री बसून यादी केली. कुणाला किती. आधी माग दुरुस्त करणारा जॉबर, कामावरच्या बायका, बीमचे धागे ओवणारे वहिफणीवाले, मग सूतवाले, मग हातउसने. नादारीत ही यादी रिसीव्हरनं केली असती, रुपयाला सारखे पैसे. आणि अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत तुम्ही एखाद्याला झुकतं माप देऊन पैसे दिले असतील तर कोर्ट ते परत फिरवू शकतं. कामावरच्या बायकांना आधी देणं हे कायद्याच्या भाषेत झुकतं मापच. दादानं नादारीचा अर्ज केला नाही याचं मला त्या रात्री पहिल्यांदा बरं वाटलं.

यादीत पतसंस्थेचं नाव शेवटी आलं आणि तिथवर पैसे पोचले नाहीत. हे म्हणाले, "राहू द्या दादा. माझं पगारातून कापतंच आहे." पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढला होता. आमच्या भागात सगळे 'एकशे एकचा दाखला' म्हणतात, जन्माच्या दाखल्यासारखं. दोन जामीनदार असले तर कायद्यानं दोघांनी निम्मं निम्मं सोसायचं. दादाचा मित्र पुण्याला गेला होता, फोन उचलत नव्हता. निम्म्याचा हक्क बजावायचा तर ह्यांनी त्याच्यावर दावा लावायचा, वेगळा वकील, वेगळ्या तारखा. आणि वसुली येते ती पगारपत्रक असणाऱ्याकडं. ३१ महिने, दरमहा १२,५०० रुपये. मुख्याध्यापकांच्या टेबलावरून ते पत्र गेलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलं. हे घरी येऊन म्हणाले, "आज सगळे फार प्रेमानं बोलले," आणि पेपर वाचायला घेतला. मधे आम्ही दुरुस्तीसाठी छोटं कर्ज मागायला गेलो तर नाकारलं. ह्यांच्या सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या, अहवालात दादाचं कर्ज दिसत होतं, थकीत म्हणून, जणू ह्यांनीच घेतलेलं.

करार कायदा म्हणतो की जामीनदारानं भरलेली रक्कम मूळ कर्जदारानं त्याला परत द्यायची. ३,८७,५०० रुपये. ह्यांनी तो आकडा दादापुढं कधी उच्चारला नाही. दादानंही नाही. दर दिवाळीला दादा येतो, ह्यांच्या पायाशी वाकतो. थोरला मेहुणा धाकट्या दाजीच्या पाया पडतो हे बरं दिसत नाही, म्हणून हे दर वर्षी आधीच उठून उभे राहतात.

वडिलांकडून मी लहानपणी दोन शब्द ऐकले होते. एक दामदुपट. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, ही जुनी रीत. दुसरा सुप्याचं बंड. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांत शिरले आणि त्यांनी मुख्यतः शोधले ते कर्जरोखे. मिळाले ते जाळले. वडील सांगायचे, सोनं नाही, कागद जाळले. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला, आणि त्यात शेतकऱ्याचे कर्जाचे कागद गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी सोय होती. न वाचता केलेल्या सहीचा धसका सरकारला तेव्हाही होता, असं मला वाटतं.

दादा कायद्यानं आजही दिवाळखोर नाही. कुठल्या कोर्टात त्याची नोंद नाही. गावात मात्र "त्यांचं दिवाळं निघालं" असंच म्हणतात, आणि तो एका मोठ्या कारखान्यात सुपरवायझर आहे, पगारी. वहिनीला एकच घोर होता, हे पोराच्या मानगुटीवर बसणार का. वकिलांनी सांगितलं, पूर्वी बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य धरायचे, ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जाला ते नाही. वारसाहक्कानं जेवढं मिळेल तेवढ्यापुरतीच जबाबदारी. मिळण्यासारखं काही नाही, म्हणजे जबाबदारीही नाही. "फक्त त्यानं कुठं सही करू नये."

यंदा त्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाला पालक सहकर्जदार लागतो. दादाचं सिबिल बघून बँकेनं दुसरं कुणी आणा म्हणून सांगितलं. कागद घेऊन वहिनी आणि भाचा आले, दादा आला नाही. त्याचा फोन आला. "तू सही करू नकोस," म्हणाला. "आम्ही बघू काहीतरी." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. संयुक्तपणे व स्वतंत्रपणे चौथ्या पानावर होतं. व्याजदर बदलू शकतो ते सहाव्या. आठव्या पानावर कर्जाचा आकडा घालायची जागा कोरी होती. तिथं मी आधी आकडा आणि अक्षरी रक्कम भरायला लावली, भाच्याला सगळ्या पानांचे फोटो काढायला लावले. दीड तास गेला. ह्यांनी दोनदा चहा केला. आई, ती आता आमच्याकडंच असते, देवासमोरची वात सारून येऊन टेबलापाशी बसली होती. मी एकेका फुलीवर सही करताना ती वाकून बघत होती. शेवटचं पान उलटलं तसं तिनं पदर खोचला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि विचारलं, "माझी फुली कुठंय?"